सर्व्हरराव

सर्वसाधारण माणूस अंधाऱ्या खोलीत शिरला की त्याचा हात बटणाकडे जातो. सर्व्हरराव उंबऱ्यावर थांबतात. हात खाली, मान किंचित वर. एक सेकंद, दीड, दोन. दिवा लागतो. मग ते वळून आपल्याकडे बघतात. इथे आपण काहीतरी म्हणायचं असतं. आपल्या लक्षात आलं नाही तर ते मागे जातात, दिवा विझण्याची वाट बघतात आणि पुन्हा आत येतात.

वय पस्तीस ते पन्नास, कर्जाचा फ्लॅट, आयटीतली किंवा आयटीच्या आसपासची नोकरी, आणि दारू, सिगारेट, शेअर बाजार यांतलं काहीच नाही. या मापाचा एखादा गृहस्थ पुण्याच्या कुठल्याही सोसायटीत सापडतो. पूर्वी तो होमिओपॅथीच्या गोळ्या वाटायचा, किंवा सिंहगडावर पहाटे जाऊन सूर्योदयाचे फोटो काढायचा. आता तो घरात सर्व्हर चालवतो. आमच्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात, असा एक आहे. सोसायटी त्यांना सर्व्हरराव म्हणते. ते ऐकून ते कपाळाला आठ्या घालतात, पण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सही करताना स्वतःही तेच लिहितात.

त्यांचं घर ओळखायचं ते आतल्या पाट्यांवरून. पुण्यात पाटी लावायला कारण लागत नाही, पण इथे कारण आहे. हुशार बल्बला चोवीस तास वीज हवी. भिंतीवरचं बटण कोणी बंद केलं की त्याची हुशारी संपली. शिवाय ही उपकरणं आपसांत झिगबी नावाच्या बिनतारी भाषेत बोलतात, आणि तिच्यात थेट विजेवर चालणारा बहुतेक प्रत्येक दिवा पलीकडच्याचा निरोप अलीकडे पोचवत असतो. पॅसेजमधला दिवा कोणी बटणाने घालवला तर गॅलरीतल्या सेन्सरचं बोलणं मध्येच अडतं. हे प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगण्यापेक्षा पाटी बरी. म्हणून पॅसेजमध्ये आहे, 'हे बटण दाबू नये.' त्याच्या शेजारी, 'हेही.' दिवाणखान्यात, 'दाबल्यास देवघरातला दिवा जातो. दाबण्यापूर्वी विचार करावा.' न्हाणीघराबाहेरची पाटी मात्र वहिनींच्या अक्षरात आहे. गीझरच्या बटणाखाली त्यांनी लिहिलंय, 'हे दाबा. माणसाने दाबले तरी चालते.'

या व्याधीची सुरुवात नेहमी एका बल्बने होते. मूळपुरुषाचीही तशीच झाली. पाउलस स्खाउट्सेन नावाच्या डच तरुणाने २०१३ साली फिलिप्सचे ह्यू दिवे सूर्य मावळला की आपोआप लागावेत म्हणून पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तिन्हीसांजेला घरात दिवा लागावा, एवढीच त्याची इच्छा. आपल्याकडे हे काम आजी करायची आणि तिला पायथॉन येत नव्हतं. पण त्या प्रोग्रॅमचं वाढत वाढत होम असिस्टंट झालं. फुकट, खुलं, जगभरातल्या हजारो हौशी हातांनी लिहिलेलं. आज ते दिव्यापासून गाडीपर्यंत काहीही एका पडद्यावर आणून ठेवतं. सर्व्हररावांनी ते पहिल्यांदा रास्पबेरी पाय नावाच्या पत्त्याएवढ्या संगणकावर टाकलं. होम असिस्टंटला घरात घडलेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची सवय आहे. कुठलं दार केव्हा उघडलं, कुठल्या खोलीचं तापमान पाव अंशाने कधी चढलं, सगळं. त्या अखंड लिखाणाने बिचारं मेमरी कार्ड झिजून गेलं. नवा पाय घ्यावा तर तेव्हा, २०२१-२२ मध्ये, जगभर त्याचाच दुष्काळ पडलेला. तेव्हा सर्व्हररावांना मिनी पीसीचा साक्षात्कार झाला.

या मंडळींत दोन पंथ आहेत. एक एन१०० पंथ. इंटेलची २०२३ साली आलेली चार कोअरची चिप, सहा वॅटची, नवीकोरी, खोकं तळहातावर मावेल एवढं. दुसरा जुन्या बाजाराचा पंथ. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून करार संपला की छोटे संगणक गठ्ठ्याने बाहेर पडतात, ते पुसूनपासून विकले जातात, आणि ते घ्यायला जायचं. सर्व्हरराव दुसऱ्या पंथातले. ते डेक्कन क्वीनने मुंबईला गेले, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर भाव केला आणि कुठल्याशा ऑफिसात चार वर्षं एक्सेल उघडून दमलेलं एक यंत्र मांडीवर घेऊन संध्याकाळी परत आले.

"हे खाणार किती?" वहिनींनी विचारलं. त्यांचा प्रश्न विजेबद्दल होता.

"दहा वॅट धर. दिवसाला पाव युनिटसुद्धा नाही. महिन्याला सात-सव्वासात युनिट. युनिटला दहा रुपये लावले तरी सत्तर-बहात्तर रुपये. एवढ्यात हल्ली मिसळ येत नाही."

"आणि ते सेन्सर?"

"ते वेगळं."

या जमातीची हिशेबाची पद्धत इथे कळते. विजेचा हिशेब पैशापर्यंत चोख. सेन्सरचा हिशेब या विश्वात कुठेही लिहिलेला नाही.

खरं तर त्या यंत्रात होम असिस्टंट सरळ टाकलं असतं तरी भागलं असतं. पण सरळ टाकणं या लोकांत कमीपणाचं समजतात. आधी प्रॉक्समॉक्स टाकायचं. हे व्हिएन्नाच्या एका कंपनीचं, २००८ साली पहिल्यांदा आलेलं, डेबियन लिनक्सवर उभारलेलं. एका यंत्राच्या पोटात अनेक यंत्रं असल्याचा आभास ते निर्माण करतं. हा आभास समजावून सांगणं सर्व्हररावांना मनापासून आवडतं. एकदा माझे सासरे आले होते, ते सापडले.

"वाडा समजा, अण्णा. प्रॉक्समॉक्स हा मालक. होम असिस्टंट हे मोठं बिऱ्हाड. स्वयंपाकघर वेगळं, मोरी वेगळी, दार वेगळं. ही झाली व्हर्च्युअल मशीन. बाकीची बारकी बिऱ्हाडं म्हणजे कंटेनर. खोली आपापली, पण चौकातला नळ सामायिक. त्यांना जागा कमी लागते."

"भाडं?"

"भाडं नाही."

"मग काढायचं झालं तर?"

"उजवीकडे क्लिक करायचं, रिमूव्ह म्हणायचं, नंबर टाइप करायचा. गेलं बिऱ्हाड."

"नोटीस न देता?"

"हो."

"कोर्टाशिवाय?"

अण्णांचा सदाशिव पेठेतल्या भाडेकरूशी दावा त्यांच्या वडिलांच्या काळापासून चालू आहे. ते बराच वेळ त्या खोक्याकडे बघत राहिले. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की हे सगळं नुसतं दिव्यांसाठीच चालतं का.

सर्व्हररावांच्या वाड्यात सध्या होम असिस्टंट आहे. झिगबीचं बोलणं उलगडून सांगणारा एक कंटेनर आहे. मॉस्किटो नावाचा निरोप्या आहे. तो एमक्यूटीटी बोलतो, आणि ही बोली १९९९ साली दूरवरच्या तेलवाहिन्यांची खबरबात कमी खर्चात मिळावी म्हणून तयार झाली होती. आता ती सर्व्हररावांच्या संडासातल्या एक्झॉस्ट फॅनची खबर देते. जाहिराती अडवणारं पाय-होल आहे, जुन्या नाटकांच्या रेकॉर्डिंगसाठी जेलीफिन आहे, आणि एक बिऱ्हाड रिकामं आहे. ते कशासाठी, विचारल्यावर सर्व्हरराव म्हणाले, "लागेल." प्रॉक्समॉक्समध्ये शिरताना दर वेळी तुमच्याकडे वैध सबस्क्रिप्शन नाही, अशी चौकट समोर येते. सर्व्हरराव त्या चौकटीवर ज्या शांतपणे 'ओके' दाबतात, तो शांतपणा मला आयुष्यात इतर कुठल्या थकबाकीच्या बाबतीत साधलेला नाही.

आणि स्नॅपशॉट! यंत्राला हात लावण्याआधी त्याची आहे तशी अवस्था टिपून ठेवायची, बिघडलं की एका क्षणात मागे जायचं. या एका सोयीने भित्र्या माणसांचं वर्तन पार बदललं आहे. ज्या गृहस्थाने कर्वे रोडवर रात्री अकराला रिकामा सिग्नलही कधी तोडला नाही, तो आता मध्यरात्री नीट चालणारं यंत्र उघडून बघतो.

खोकं टीव्हीच्या मागे गेलं. दिसत नाही. दिसते ती झिगबीची कांडी. ती यूएसबीत खोचायची असते, पण यूएसबी ३ च्या निळ्या खाचेचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास उठतो, झिगबीही तिथेच, वाय-फायही तिथेच. म्हणून कांडी लांब वायरीवर टांगायची. ती वायर सर्व्हररावांच्या दिवाणखान्यात विठोबाच्या तसबिरीमागून वर चढते आणि कांडी तसबिरीच्या डोक्यावर तिरपी उभी असते. पाहुणे आधी विठोबाला नमस्कार करतात, मग नजर वर जाते, मग त्यांचा चेहरा प्रश्नार्थक होतो. दिवाळीत वहिनींनी तिच्यापुढे पितळेची परात सजवून उभी केली तेव्हा अर्धं घर मुकं झालं. सर्व्हररावांनी अख्खा पाडवा झिगबीचे चॅनेल बदलण्यात घालवला. परातीचा शोध लागला तो परात भाऊबीजेच्या ओवाळणीला हवी म्हणून काढली तेव्हा.

पण या घराची खरी गंमत वेगळीच आहे. स्वयंचलित घराला सगळ्यात आधी एक गोष्ट ठाऊक असावी लागते, ती म्हणजे घरात कोणी आहे की नाही. हे ते फोनवरून ओळखतं. फोन घरच्या वाय-फायवर आहे म्हणजे माणूस घरात, फोन लांब गेला म्हणजे माणूस बाहेर. सर्व्हररावांनी स्वतःच्या फोनवर अॅप टाकलं. वहिनींना टाक म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "मी कुठे आहे हे तुला कशाला हवंय? फोन करून विचार." आईंचा फोन बटणांचा. लेकीचा फोन दहावीपर्यंत जप्त. त्यामुळे त्या घराच्या लेखी त्या घरात एकच माणूस राहतो.

हा एक माणूस सकाळी साडेनऊला हिंजवडीला जायला निघतो. गाडी फाटकाबाहेर पडते, आणि घर निष्कर्ष काढतं की आता घरात कोणी नाही. पंखे थांबतात. दिवे जातात. दिवाणखान्यातला पडदा ओढला जातो. आई पोथी वाचत असतात, वहिनी मीटिंगमध्ये असतात, कामाच्या मावशी फरशीवर ओलं फडकं घेऊन मधोमध उभ्या असतात, आणि सगळीकडे अंधार होतो. मावशींनी पहिल्या दिवशी हे पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं साहेब गेले की वीज जाते, म्हणजे साहेब वीज मंडळात असणार. त्यांनी आपल्या वस्तीतल्या बिलाची तक्रार सर्व्हररावांकडे नेली होती.

त्यावर उपाय झाले. 'पाहुणे आहेत' असं एक बटण पडद्यावर आलं. आई आणि वहिनी घरात असल्या की ते दाबायचं. म्हणजे स्वतःच्या घरात राहण्यासाठी त्या दोघींनी रोज सकाळी स्वतःला पाहुण्या म्हणून घोषित करायचं. वहिनी यावर काय म्हणाल्या ते मला भिंतीपलीकडून नीट ऐकू आलं, पण इथे लिहिता येणार नाही.

गणपतीत तर कळसच झाला. सजावट सर्व्हररावांची, आणि ती खरोखर देखणी होती. मखराभोवती एलईडीची पट्टी, आरतीच्या वेळी केशरी लाट मखरावरून सरकत जाई, मंत्रपुष्पांजलीला पांढरी होई. संध्याकाळी सारा मजला जमलेला. झांजा वाजत होत्या. पेढे कमी पडतील असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा मेव्हणा सर्व्हररावांची स्कूटर घेऊन गेला, आणि सर्व्हररावांचा फोन स्कूटरच्या डिकीत होता. आम्ही दुसऱ्या आरतीच्या मध्यावर असताना घराने शेवटचा माणूस बाहेर पडल्याची नोंद केली. सगळे दिवे गेले. मखर गेलं. गणपतीपुढची समई तेवढी राहिली, कारण ती कशालाही जोडलेली नव्हती. कोणी थांबलं नाही. पुण्यातली आरती थांबत नाही. अंधारात शंकराची, देवीची, विठ्ठलाची पार पडली, आणि घालीन लोटांगणच्या सुमारास मेव्हणा पेढे घेऊन फाटकातून आत शिरला तसं घर एकदम उजळलं. आमच्या मजल्यावरच्या एका आजींनी हात जोडले. त्यांचा अजूनही समज आहे की ते मुद्दाम बसवलेलं होतं.

न्हाणीघरातल्या आणि देवघरातल्या सेन्सरबद्दल थोडक्यात सांगतो. पहिले सेन्सर हालचाल बघणारे. माणूस हलला की दिवा, स्थिर झाला की अंधार. काही जागा अशा असतात जिथे माणूस बसूनच असतो. तिथे आत गेलेल्याला मधूनमधून हात वर करून हलवावा लागे. आई जपाला बसल्या की पाचव्या मिनिटाला देवघर अंधारे. "मन स्थिर झालं की दिवा जातो," असं त्या भजनी मंडळात सांगू लागल्या, आणि मंडळातल्या दोघी प्रगती तपासायला येऊन बसून गेल्या. मग सर्व्हररावांनी रडारचे सेन्सर आणले, चोवीस गिगाहर्ट्झचे, श्वासाने छाती हलते तेवढंही ओळखणारे. ते इतके ओळखणारे निघाले की फिरता पंखाही त्यांना माणूस वाटला. आता देवघरातला दिवा विझतच नाही. आईंचा जप मोडतो तो वेगळ्या कारणाने: मुलगा दर थोड्या वेळाने येऊन, पंखा एकवर कर, दोनवर कर, जरा बंद कर, म्हणतो आणि फोनमध्ये बघत उभा राहतो.

इतकं सगळं सांगितल्यावर एका बाबतीत मात्र मी सर्व्हररावांच्या बाजूने आहे, आणि ते नोंदवायला हवं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वयंचलित वस्तू कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरवर चालतात. कोथरूडच्या भिंतीवरचा दिवा लावायचा हुकूम कुठल्याशा परदेशात जातो आणि तिथून परत येतो. कंपनीने दुकान बंद केलं की दिवा अनाथ. हे कल्पनेतलं नाही. रिव्हॉल्व नावाचा तीनशे डॉलरचा हब बनवणारी कंपनी गुगलच्या नेस्टने विकत घेतली आणि २०१६ साली तो हब बंदच करून टाकला. लोकांनी पैसे मोजून घेतलेली वस्तू एका दिवसात निकामी झाली. इन्स्टिऑनचे सर्व्हर २०२२ च्या एप्रिलमध्ये काही न सांगता बंद पडले; पुढे तिच्याच काही ग्राहकांनी ती कंपनी विकत घेऊन पुन्हा चालू केली. सर्व्हररावांचं म्हणणं असं, की माझ्या घरातला दिवा माझ्या घरातल्या हुकमाने लागला पाहिजे आणि माझ्या घरातली माहिती माझ्या घरात राहिली पाहिजे. हे बोलताना त्यांचा आवाज बदलतो, पाठ ताठ होते. त्यात काही खोटं नाही. फक्त त्यांच्या घरातला दिवा बंद पडला तर सांगायला कुठलीही कंपनी नाही. ते एकटेच आहेत, आणि ते नेमके त्या वेळी बेंगळुरूला असतात.

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. वीज जाते, पाणीही बहुधा त्याच दिवशी जातं. अशाच एका गुरुवारी, सर्व्हरराव बेंगळुरूला असताना, वीज दुपारी गेली आणि चार वाजता आली. सगळ्यांची आली, समोरच्यांची आली नाही. कारण लॅमिंग्टन रोडच्या त्या यंत्रात, वीज परत आल्यावर आपणहून सुरू व्हायचं की नाही, हे आत बायॉसमध्ये ठरवून द्यावं लागतं, आणि ऑफिसातल्या जुन्या सवयीने ते बटण दाबेपर्यंत गप्प बसून होतं. इंटरनेटही गेलं, कारण जाहिराती अडवणारं पाय-होल त्याच खोक्यात, आणि घरातला प्रत्येक फोन पत्ते विचारायला त्याच्याकडेच जात असे. वहिनींची क्लायंटसोबतची मीटिंग चारला होती. त्या आमच्या डायनिंग टेबलावर येऊन बसल्या. मीटिंग संपल्यावर त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"टीव्हीच्या मागे काळं खोकं आहे," सर्व्हरराव पलीकडून सांगत होते, "पुढे बारीक बटण आहे. एकदाच दाब. धरून ठेवू नकोस."

"धरलं तर?"

"धरू नकोस ना पण."

"मी फक्त विचारतेय, धरलं तर काय होईल?"

पलीकडे शांतता. मग सर्व्हरराव अगदी हळू आवाजात म्हणाले, "गुरुवारी मी यापुढे बाहेरगावी जाणार नाही."

आपण म्हणू की यापेक्षा भिंतीवरची बटणं बरी. मीही तसं म्हणत असे. मग एक गोष्ट लक्षात आली. त्या घरात स्वयंपाक आई आणि वहिनी वाटून घेतात. सणवार, नातेवाईक, कोणाला किती आहेर, हे आईंकडे. बँक, विमा, लेकीचा अभ्यास, गॅसचा नंबर, प्लंबरचा नंबर, सगळं वहिनींकडे. लग्नानंतर बरीच वर्षं या माणसाकडे खातंच नव्हतं. कांदे आणायला पाठवलं तर "हे कसले उचललेस" व्हायचं. आता दिवसातून दहा वेळा घरातून हाक येते. अरे, हा दिवा का लागत नाही? अरे, पडदा अर्ध्यात अडकलाय. अरे, गीझर कोणाच्या बापाच्या सांगण्यावरून चालू झाला? आणि सर्व्हरराव, हातातलं काम टाकून, गंभीर चेहऱ्याने लॅपटॉप उघडतात. घर आपोआप चालावं हा त्यांचा जाहीर हेतू आहे. पण ते खरंच आपोआप चाललं तर उद्या सकाळी पुन्हा कांद्यांची पिशवी हातात येईल. म्हणून बऱ्याच दिवसांत काही बिघडलं नाही की सर्व्हरराव बेचैन होतात आणि अपडेट आहे का बघतात.

अपडेट असतंच. होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येते. युरोपातली संध्याकाळ, म्हणजे आपली रात्र. घर झोपल्यावर सर्व्हरराव स्नॅपशॉट घेतात, बॅकअप घेतात, बदलांची यादी वाचतात आणि बटण दाबतात. चालत होतं ते चालेनासं होतं. रात्री अडीचला गॅलरीतून बघितलं तर त्यांच्या खिडकीत लॅपटॉपचा निळा उजेड दिसतो. सकाळी लिफ्टमध्ये भेटतात तेव्हा डोळे लाल, पण चेहरा तृप्त.

"काय झालं रात्री?"

"झालं सगळं. पूर्वीसारखं चालू झालं."

मंगल कार्यालयात असे दोन जण समोरासमोर आले की बघण्यासारखं असतं. नवरा-नवरीकडे पाठ करून ते पंगतीपर्यंत रॅमबद्दल बोलतात. बायका लांबून एकमेकींकडे बघून ओळखतात. या छंदात घरच्या मंडळींची सहनशक्ती मोजायचं एक मापच आहे, बायको-मान्यता, जगभरचे हौशी ते वापरतात. ध्वनियंत्रांच्या शौकिनांकडून ते आलेलं. सर्व्हररावांच्या घरात हे माप बराच काळ शून्याच्या खाली होतं. मग गेल्या उन्हाळ्यात टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हायची सोय त्यांनी सोसायटीला करून दिली. झाकणाखाली पाण्याची उंची मोजणारा एक सेन्सर, खाली शंभर-दोनशे रुपयांची ईएसपी नावाची चिप. गच्चीवरून पाणी वाहून जाणं थांबलं. वॉचमनला ते पटलेलं नाही. तो अजून ओव्हरफ्लोच्या पाइपचा आवाज ऐकायला वर जातो आणि काही ऐकू आलं नाही की खाली येऊन काहीतरी बिघडल्याचं सांगतो. पण वार्षिक सभेत आभाराचा ठराव झाला, आणि वहिनींनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं की चांगलं केलंस.

त्यानंतर आठवड्याभरात आईंनी विचारलं, "अरे, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की तुझी ती पेटी मला सांगेल का? हल्ली मला मोजताना विसरायला होतं."

या घरातून सर्व्हररावांना आजवर मागणी अशी कधी आली नव्हती. तक्रारी आल्या होत्या. त्यांनी त्याच रात्री ईएसपीला छोटा मायक्रोफोन जोडला. मग त्यांच्या लक्षात आलं की शिट्टी, मिक्सर, भंगारवाल्याची आरोळी आणि चिडलेल्या वहिनी, यांत माणसाला जो फरक कळतो तो चिपला शिकवावा लागतो. ते सुट्टीच्या दिवशी वही घेऊन कुकरसमोर बसू लागले. शिट्टीची उंची किती, लांबी किती, पहिली आणि तिसरी यांत फरक काय. आई शेजारी बसून, ही झाली, ही नाही, ती नुसती फुसफुसली, असं सांगायच्या. डाळ जितक्या वेळा शिजली तितकी त्या घराने वर्षभरात खाल्ली नसेल; आमच्याकडेही वाटीवाटीने येत होती. एक्झॉस्ट फॅनचा त्रास नको म्हणून अखेर मायक्रोफोन खिडकीबाहेर, डक्टच्या तोंडाशी लावला, आणि तो उत्तम चालू लागला.

त्या डक्टमध्ये आमच्याही स्वयंपाकघराची खिडकी उघडते. त्यामुळे आता साडेअकराच्या सुमाराला समोरच्या दारातून आईंची हाक येते, "अगं, तुमच्या तीन झाल्या, गॅस बंद कर!" हिने शिट्ट्या मोजणं सोडून दिलं आहे. परवा आमचं वरण तळाशी लागून करपलं, तेव्हा ही पातेलं तसंच हातात घेऊन थेट त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

अपडेट चालू होतं म्हणे.